मागच्या चाकातली टकटक

सिस्टरच्या सायकलचं मागचं चाक बोलायला लागलं, आणि तिच्याशिवाय ते कुणालाच ऐकू येईना.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. सारी गल्ली तिला याच नावाने हाक मारायची, नवराही लाडात आला की तेच म्हणायचा. घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणींची विचारपूस करायची, हे तिचं काम. सगळं सायकलवरून. हल्ली मात्र वाटभर चाक तिच्या कानाशी लागायचं : टक्, टक्, टक्.

सायकलवाल्याने साखळीला तेल दिलं, ब्रेक सैल केले आणि शेवटी हात जोडले. "सिस्टर, मी स्वतः चक्कर मारून आलो. चाक मुकं आहे." मग नवऱ्याने चक्कर मारली. "सायकल ठीक आहे," तो म्हणाला. "तूच एकदा कान दाखवून घे."

व्हरांड्यात बसलेले सासरे हे सगळं ऐकत होते. धाकट्या मुलाकडून ते नुकतेच इकडे राहायला आले होते. मितभाषी माणूस, उभा जन्म छापखान्यात मशीनवर गेलेला. सुनेशी त्यांचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेव" यापुढे सरकलं नव्हतं. दोघंही एकमेकांशी इतकी जपून वागत की घरात पाहुणं नक्की कोण, असा प्रश्न पडावा.

सुट्टीच्या दिवशी नवरा बाजारात गेला तसे ते चपला घालून अंगणात आले.

"पायडल मारायचं थांबवलं, की आवाज थांबतो?"

सिस्टरला क्षणभर कळेना, आपल्यालाच विचारतायत का. "नाही बाबा. उतारावर नुसती बसून असते तरी येतो."

"मग साखळीचा दोष नाही. उगाच बिचारीला तेलात बुडवली."

त्यांनी सायकल उलटी करून चाक फिरवलं. चाक गुमान फिरत राहिलं. सिस्टरला काय वाटलं कोण जाणे, ती आत जाऊन स्टेथोस्कोप घेऊन आली. "हसायचं नाही हं," असं बजावून तिने तो चाकाच्या आसाशेजारी टेकवला आणि डोळे मिटून ऐकलं.

"आतल्या बेअरिंगच्या गोळ्या व्यवस्थित आहेत. छाती साफ."

सासरे हसलेच. त्यांच्या डाव्या गालाला खळी पडत होती, अगदी नवऱ्याला पडते तशी. इतक्या दिवसांत ती तिला दिसलीच नव्हती.

"म्हणजे आडवं केलं की बरं वाटतं आणि उभं राहिलं की दुखतं," ती म्हणाली. असे पेशंट तिने पुष्कळ पाहिले होते. मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, त्या दोघांनी माझी बॅग काढून ठेवून चक्कर मारली होती. आणि माझ्या बॅगेत तर बाळांचा वजनकाटासुद्धा असतो. मागे ओझं असलं तरच हे बोलतं. तुम्ही बॅग लावून चालवा, मी बाजूने ऐकत येते."

सासऱ्यांनी हँडलकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "गुडघा जरा..."

"जिना तर दणादण चढता."

"मला सायकल येत नाही," ते हळूच म्हणाले. "घरात बोलू नकोस. पोरं लहान असताना मी फार बढाया मारून ठेवल्यात."

आता हसू आवरायची पाळी सिस्टरची होती, आणि ते काही तिला जमलं नाही. मग तेही हसायला लागले. "बरं, तर तुम्हीच माझी बॅग," ती डोळे पुसत म्हणाली. "बसा मागे."

त्यांनी टायरवर खडूने एक खूण केली आणि कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसले. सायकल डुगडुगत गल्लीत शिरली. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. चाकाच्या टकटकीला तर आज जोरच चढला होता.

"हळू घे," सासरे चाकावर ओणवे होत म्हणाले. "खूण वर चढून मडगार्डात शिरते, की लगेच टक्. दर फेरीला. ठरलेल्या जागी."

उतरल्यावर त्यांनी खुणेजवळच्या चाकाच्या तारा चाचपून पाहिल्या. सगळ्या ताठ. ते विचारात पडले.

"ओझं तर खाली येतं ना, रस्त्यावर?" सिस्टर म्हणाली. "खूण वर असते तेव्हा खाली कोण असतं ते बघू."

तिने खुणेच्या बरोबर समोरच्या तारांवर पेन्सिलीने टिचक्या मारल्या. टिंग, टिंग, टिंग, आणि मग एक थड्. तिच्या शेजारचीही थड्. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सायकलवाल्याकडून तारा आवळायची चावी आणली. ती पेन्सिल वाजवी, ते चावी जराशी फिरवत. "अजून थोडं... अजून... बास, लागला सूर." छापखान्यातलं कुठलं मशीन कसं रुसायचं, हे सांगताना त्यांची चावी मधेच थांबे आणि "पुढे?" म्हणून ती आठवण करून देई. चहा ठेवायचा दोघांनाही विसर पडला होता.

मग ते पुन्हा मागे बसले. या खेपेला रस्त्यावरून घासत जाणाऱ्या टायरचा बारीक आवाज, बाकी काही नाही. सिस्टरने गल्ली ओलांडली, शाळा ओलांडली, तरी थांबेना.

"कुठे निघालीस?"

"मैदानावर. तुम्हाला शिकवायला."

त्यांनी नको म्हणून पाहिलं, पण फार जोर लावून नाही. ते दोनदा गवतात पडले, पायजमा झटकून उठले. ती कॅरिअर धरून धावत होती, धापा टाकत. आणि मग तेच म्हणाले, "सोड आता."

तिने सोडलं. सासरे नागमोडी जात राहिले, पाठ ताठ, कोपरं पसरलेली, थेट मैदानाच्या पार टोकाला. तिथे कुंपण आडवं आलं. ते खाली उतरले, सायकल हाताने फिरवून तिचं तोंड इकडे केलं आणि सीटवर बसण्याआधी सिस्टरला हाक मारून म्हणाले, "वळायचं उद्या शिकव."