येतानाचं वजन

"काकू, प्रवासात जिथं असणार तिथंच जाऊन आडव्या व्हा. नुसतं टेकू नका," असं म्हणत पाटेवाला गाडीचा मागचा दरवाजा धरून उभा राहिला.

"प्रवास सुरू व्हायच्या आधीच आडवी करताय मला," काकू म्हणाल्या. तरी पायरीवर पाय ठेवून, मध्ये एकदा थांबून, दम घेऊन त्या आत चढल्या आणि बिछान्यावर उशांना टेकून पडल्या. त्यांचा नवरा तोवर मागच्या चाकाशी उकिडवा बसून गाडीखाली हात घालत होता. चाकांचा आस आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांच्यात निदान मुठीएवढी तरी जागा हवी होती. काकू आत गेल्या आणि त्याची बोटंसुद्धा तिथे मावेनात.

ही पाटेवाल्याची रीतच होती. वाकवलेले पोलादी पाटे एकावर एक बांधून आसावर बसवायचे, म्हणजे गाडीचं ओझं ते तोलतात, हा त्याचा धंदा. पण गाडी जशी रस्त्याला लागणार तशी भरून आणल्याशिवाय आणि माणसं ज्याच्या त्याच्या जागी बसवल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. घाईतल्या गिऱ्हाइकाला तो सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगे. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणत, आणि लांब जायचं असलं की त्याच्याकडेच येत.

काकूंच्या नवऱ्याला सगळे अलगद म्हणत. उभी हयात त्याने हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली. खड्डा दिसला की गाडी तो अशी काही उतरवायचा की आतल्या नर्सच्या हातातली बाटली हिंदकळत नसे. कुणीतरी गमतीने अलगद म्हटलं, ते चिकटलं. निवृत्तीच्या समारंभात मोठ्या डॉक्टरांनी भाषणातसुद्धा तेच नाव घेतलं आणि मग खरं नाव काय म्हणून शेजाऱ्याला हळूच विचारलं. अलगदला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. काळजी करणं हा त्याचा स्वभाव होता, आणि ज्या नोकरीत काळजी हेच काम आहे अशी नोकरी त्याला मिळाली, यात तो स्वतःला नशीबवान समजायचा.

आता त्या काळजीला दुसरं काही कामच उरलेलं नव्हतं. सगळीच्या सगळी ती बायकोवर येऊन पडली होती.

काकूंची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहायची. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती. काकूंची फुप्फुसं हळूहळू आखडत चालली होती आणि त्यावरच्या औषधांनी हाडं ठिसूळ झाली होती, त्यामुळे त्या बसच्या बाकावर बसून जाऊ शकत नव्हत्या. मागे एकदा नुसत्या शिंकेने बरगडी दुखावली होती. दोघी फोनवर रोज भांडायच्या आणि रोज शेवटी एकच बोलायच्या, की एकदा भेटायला हवं. म्हणून अलगदने ही लांब पाठीची जुनी गाडी घेतली आणि आत बिछाना, पाण्याची टाकी, शेगडी, बॅटऱ्या असं सगळं स्वतः बसवलं. हाताला सवय अशी की चालकाची जागा आणि बिछाना यांच्यामध्ये त्याने नकळत प्लायवूडची भिंतही उभी केली, मध्ये सरकती खिडकी ठेवून. काकूंनी ती बघून कपाळाला हात लावला होता. "घर करायला सांगितलं होतं तुम्हाला. अँब्युलन्स करून ठेवलीत," त्या म्हणाल्या होत्या.

पाटेवाल्याने भिंतीवर टांगलेल्या पाट्यांच्या जोड्यांकडे बोट दाखवलं. "हे हलके. हे तुमच्या उपयोगाचे नाहीत. हे मधले, आणि हे जाड. आता ठरवायचं ते यातलंच."

"जाडच द्या," अलगद म्हणाला. "दगडधोंड्यांचा घाट आहे. मध्येच तुटलं-बिटलं तर मी कुठे जाऊ?"

"जाड देईन हो. पण जाड पाट्याला वर तेवढं ओझं लागतं. ओझं कमी पडलं की तो वाकतच नाही. रस्त्यातला खडा न खडा मग काकूंच्या पाठीत."

"मग मधले."

"मधले घेतले आणि ओझं जास्त झालं, तर गाडी बसणार. खड्ड्यात आस जाऊन वरच्या ठोकळ्यावर आदळणार. तो दणका सगळ्यात वाईट."

 गेले कित्येक दिवस अलगद याच दोन वाक्यांमध्ये घिरट्या घालत होता. ट्रकवाल्यांना विचारलं, ते म्हणाले जाड घ्या. जुन्या सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला मऊ घे. झोपेत त्याला तो दणका ऐकू यायचा आणि त्यामागून काहीच ऐकू यायचं नाही.

पाटेवाला लाकडी पट्टी घेऊन खाली सरपटला. उजव्या चाकाशी बराच वेळ बघितलं, मग डाव्या चाकाशी. पुन्हा उजव्या. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "काका, गाडी डावीकडे कलतीय. टाकी मध्ये, बॅटऱ्या उजवीकडे, जास्तीचं चाक मागे. डावीकडे बिछान्याखाली काय आहे?"

"हत्यारं."

"एवढी?"

"जुनी आहेत. जड आहेत."

"मग त्यातली निम्मी उजवीकडे टाका की. सोपं काम आहे."

"नाही, ती तिथेच असू देत," अलगद म्हणाला. आपला आवाज चढलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो आणखी घाबरला. पाटेवाल्याच्या दंडाला धरून त्याने त्याला दुकानाच्या आत, पाट्यांच्या ढिगापाशी नेलं. "डावीकडे ओझं असणार असं धरून चाला. कसलं ते विचारू नका. तिच्यासमोर तर नकोच."

 पाटेवाला माणूस वाईट नव्हता, पण त्याला अंदाजावर काम करता येत नसे. "काका, मला कसलं आहे त्याच्याशी देणंघेणं नाही. कायम राहणार का, एवढंच सांगा. पाणी मी कधी पूर्ण धरत नाही, ते संपतं. किराणा संपतो. जे शेवटपर्यंत गाडीत राहणार त्याच्यावर पाटा ठरतो."

"राहणार."

"बरं." दोघे पुन्हा गाडीपाशी आले. पाटेवाल्याने खडूने चाकावरच्या पत्र्यावर खूण केली आणि त्याच्या नेहमीच्या सुरात, प्रत्येकाला विचारायचा तसा, शेवटचा प्रश्न विचारला. "आणि येताना? येतानाही मागे एवढंच वजन असणार ना?"

अलगद पुन्हा चाकाशी उकिडवा बसला.

साधा प्रश्न होता. माल पोचवायला जाणारे लोक येताना रिकामे येतात, म्हणून विचारायचा. पण अलगदच्या डोळ्यांसमोर ती गाडी आली, घाटातून उतरणारी, मागचा बिछाना रिकामा, आणि पाटे न वाकता टणाटण उडणारे. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं होतं की वरच्या खिंडीत हवा विरळ आहे, तिथे काहीही होऊ शकतं, ऑक्सिजन जवळ ठेवा. जाऊ नका असं ते म्हणाले नव्हते. ते तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं अलगदला कितीदा वाटून गेलं होतं. घरी येऊन त्याने बायकोला, डॉक्टर खुशाल जा म्हणाले, असं सांगितलं आणि ती शेजारणीकडे गेल्याचं बघून बिछान्याखालच्या पेटीत दोन सिलिंडर गोधडीत गुंडाळून ठेवले. पेटीला कुलूप लावलं. खरं कळलं तर ती जायचंच रद्द करील आणि बहिणीला फोनवर काहीतरी थाप मारील, याची त्याला खात्री होती. आणि ती थाप मारताना तिचा चेहरा कसा होईल, ते त्याला बघवलं नसतं.

"काका?" पाटेवाल्याने पुन्हा विचारलं. "येताना?"

आतून सरकती खिडकी सरकल्याचा आवाज आला.

"येताना जास्त धरा," काकू म्हणाल्या. "माझी बहीण कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. अक्रोडाचं पोतं असेल, मधाच्या बरण्या असतील. शिवाय ती मला खायला घालून जाड करणार, ते वेगळं."

पाटेवाला हसला. "किती धरू?"

"धरा एखाद्या माणसाएवढं. आणि भाऊ, डावीकडे हत्यारं नाहीत. ऑक्सिजनचे सिलिंडर आहेत, दोन. मोठे. ते कायम राहणार."

अलगद खाली बघत होता. चाकाजवळ तेलाचा एक जुना डाग होता, त्याच्याकडे.

"जाताना संपले तर?" पाटेवाल्याने विचारलं. तो बिचारा वजनाचाच विचार करत होता.

"संपले तरी लोखंडाचेच ना? वजन तेवढंच," काकू म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली. सगळे ती ओसरेपर्यंत थांबले.

पाटेवाल्याने मान डोलावली. "मग मधले पाटे. डावीकडे एक जास्तीचा घालतो. आता जमलं," असं म्हणून तो पाने आणायला आत गेला, आणि अंमळ जास्तच वेळ आत राहिला.

अलगद मागच्या दरवाज्याशी जाऊन उभा राहिला. "कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. अहो, मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात जन्म घालवला. चादरींची गाडी ढकलत त्याच व्हरांड्यातून जायचे. सिलिंडर हलल्यावर कसा वाजतो, ते मला कळणार नाही? आणि गोधडी कुठली घेतलीत, माझीच. सगळ्या घरात शोधली मी ती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या जिवावर उदार होऊन खोटं बोलत होतात. म्हटलं, बोलू द्यावं." मग त्या थोड्या गंभीर झाल्या. "मला डॉक्टरांनी तुमच्या आधी सांगितलं होतं. मीच त्यांना म्हटलं, ह्यांना सांगा, पण जाऊ नका एवढं म्हणू नका. तुम्ही लगेच ऐकलं असतंत."

अलगदला राग आला. खरोखरचा राग, कान तापवणारा. इतकी रात्रंदिवस धास्ती त्याने एकट्याने वाहिली होती आणि ही वर बिछान्यावर पडून सगळं जाणून होती. "मला भीती वाटते," तो म्हणाला. रागाने बोलायला गेला आणि हेच बाहेर पडलं.

"मलाही वाटते," काकू म्हणाल्या. "पण फोनवर भांडून कंटाळा आलाय. समोर बसून भांडायचंय एकदा. धरा आता, खाली उतरू द्या मला."

पाटे बसेपर्यंत दोघे दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. आत हातोडा वाजत होता. काकू त्याच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. अलगद त्यांचे श्वास ऐकत होता आणि ते ऐकू येत नाहीत असं वाटलं की हळूच खांदा हलवत होता. "जिवंत आहे," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

संध्याकाळी उन्हं उतरताना पाटेवाल्याने गाडी जमिनीवर घेतली. सगळं पुन्हा भरलं, काकू पुन्हा आपल्या जागी गेल्या. अलगदने आसावर मूठ ठेवून बघितली. मावली. डावी, उजवी, दोन्ही सारख्या. गाडी सरळ उभी होती. "एक चक्कर मारून या," पाटेवाला म्हणाला. "काकूंना विचारा, माझं काय. मला नुसतं दिसतं, लागतं त्यांना."

अलगदने गाडी रस्त्यावर घेतली. पहिला गतिरोधक आला. सवयीने त्याने गाडी त्यावरून उतरवली आणि सवयीनेच मान न वळवता, मागच्या खिडकीतून ऐकू जाईल असं विचारलं, "लागलं का?"

हे तो आयुष्यभर विचारत आला होता. मागून पेशंट सांगे, नाहीतर नातेवाईक सांगत, नाही हो, चला. कधी कधी उत्तर यायचं नाही, नातेवाइकांचा आवाज बदलायचा, आणि अलगदला समोर बघत असतानाच कळून चुकायचं. तेव्हाही तो गाडी तशीच चालवायचा, एकही खड्डा न आदळता, दारापर्यंत.

"नाही लागलं," काकू म्हणाल्या. मग खोकल्या. "पण प्रत्येक वेळी असं ओरडून सांगायला माझ्याकडे दम नाही. आणि तुम्ही तर दर खड्ड्याला विचारणार. मी या मधल्या भिंतीच्या फळीवर ठोकीन. ठोकलं की समजायचं, ठीक आहे. विचारायचं नाही."

"आणि नाही ठोकलंस तर?"

"तर गाडी बाजूला घेऊन मागे यायचं. अजून काय."

पुढे रस्ता उकरलेला होता. खडी पसरलेली. अलगदने वेग कमी केला, चाकं खडीत गेली, मागचे पाटे वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. कुठेही दणका नाही. खडी संपली.  फळीवर टक् असा आवाज आला.

नंतर एक खड्डा. टक्. पुलाचा सांधा. टक्. त्याचे खांदे थोडे सैल पडले. तरी स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडलेली होती, आणि कान मागेच लागलेले होते. असे ते खिंडीपर्यंत लागून राहणार, खिंडीच्या पलीकडेही, आणि येतानाही, हे त्याला ठाऊक होतं.

वळण घेतल्यावर दूरवर दुसरा गतिरोधक दिसला. अलगदने गियर खाली आणला आणि गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगावर आणली. गतिरोधक अजून पुष्कळ लांब होता.

टक्, असं मागून आधीच वाजलं.