दुसरा ब्रेक

...मसुराच्या दाण्याएवढा तो लाल दिवा, काचेखालच्या पट्टीवर, स्टिअरिंगच्या आणि त्याच्या बरोबर मध्ये – आत्ता विझलेला, पण विझलेला असूनही आपल्याकडेच डोळा लावून बसलेला, असं त्याला वाटत राहिलं. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो दाबला की हा दिवा लागतो. उद्या या सीटवर परीक्षक बसणार, आणि त्याच्या पायाने दिवा लागला तर शिकणाऱ्याने गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, पुन्हा कधीतरी यायचं. सरळ हिशेब होता, आणि अर्धं आयुष्य लोकांना गाडी शिकवताना त्याला तो कधी खटकला नव्हता. पण उद्या स्टिअरिंगवर त्याची मुलगी असणार होती.

‘‘बाबा, आज फक्त एक फेरी,’’ निघताना मुंगी म्हणाली होती. ‘‘दिव्याशिवाय. एकदा तरी मला कळू दे ना, की मला येतं.’’

लहानपणी ती घरभर भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून मुंगी. आता अठराची झाली, त्याच्या खांद्याच्या वर गेली, पण नाव तेच राहिलं. गेला आठवडाभर ते रोज संध्याकाळी शाळेच्या गल्लीतून टेकडीच्या वळणापर्यंत जात होते आणि एकही फेरी दिव्याशिवाय झाली नव्हती. आणि एकदाही – हे गाडीतल्या तिघांना पक्कं ठाऊक होतं – ब्रेक दाबायची गरज नव्हती. मुंगीच्या आईने तर गाडीत बसायला साफ नकार दिला होता. म्हणाली, आधीच दोन ब्रेक आहेत तिथे, तिसरा मी कशाला?

‘‘पाय!’’ मागच्या सीटवरून तिचा धाकटा भाऊ ओरडला.

‘‘दाबला नाहीये मी.’’

‘‘उचललास. हवेत आहे. मला दिसतोय इथून.’’

‘‘भोंग्या, तू गप्प बस रे,’’ मुंगी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. ‘‘तुझा आवाज आधी ठरू दे, मग बोल.’’

भोंग्याचा आवाज गेल्या काही महिन्यांत फुटला होता. एकाच वाक्यात तो दोन माणसांसारखा बोलायचा. आणि पाय इतके लांब झाले होते, की त्याचे गुडघे पुढच्या सीटमधून पाठीत टोचत. बापाला ते टोचणं आवडत होतं. हे त्याने अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने पाय खाली ठेवला. परक्यांच्या बाबतीत हाच पाय किती शहाणा... तो बेकरीवाला, ज्याने गाडी थेट फुटपाथवर चढवली, त्याच्या वेळीसुद्धा हा पाय शेवटच्या क्षणापर्यंत थांबला होता, माणसाला आपली चूक दिसू दे म्हणून. मग हिच्याच वेळी काय होतं याला? – तिला पहिले घास भरवायचो तेव्हाची गोष्ट. चमचा तिच्या तोंडाकडे जायचा आणि इकडे माझंच तोंड उघडायचं. बायको हसायची, तू जेवतोयस का ती? मिटून ठेवायचं ठरवलं तरी उघडायचंच. जणू मी उघडलं नाही तर ती उघडणार नाही, उपाशी राहील... तोंड असो की पाय, ही एकच खोड. फक्त शरीरात खाली उतरली इतकंच.

शाळेची गल्ली अरुंद होती. एका बाजूला उभ्या गाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंतीलगत एक आजोबा कुत्र्याला फिरवत चाललेले. कुत्र्याने रस्त्याकडे तोंड केलं, एक पाऊल टाकलं –

गाडी हिसका देऊन थांबली. मागून कर्कश हॉर्न. एक टेम्पो त्यांच्या गाडीपासून वीतभर अंतरावर कसाबसा थांबला. आणि पट्टीवर तो मसुराचा दाणा लालभडक पेटला होता.

मुंगीने इंडिकेटर देऊन गाडी पुढे मोकळ्या जागेत घेतली, थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला – सगळं त्याने शिकवलेल्या क्रमाने. टेम्पोवाला जाताना काहीतरी बोलून गेला. आता ती रडेल किंवा दार आपटून उतरेल, असं त्याला वाटलं. आणि तिला तो हक्क होता.

तिने तोंड वळवलं.

‘‘काय दिसलं तुला?’’

हा त्याचा प्रश्न होता. चूक झाली की तो कुणालाही रागवत नसे. गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि एवढंच विचारायचा. सांगता सांगता माणसाला निम्मी चूक आपली आपणच कळते.

‘‘कुत्रं,’’ तो म्हणाला. ‘‘रस्त्यात येत होतं.’’

‘‘आणखी?’’

‘‘आणखी काय... कुत्रंच.’’

‘‘आजोबांचा हात?’’

त्याने मागे वळून पाहिलं. आजोबा अजून तिथेच होते. कुत्र्याचा पट्टा त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन आखडता घेतला होता.

‘‘त्यांनी आधीच ओढून धरलं होतं त्याला. माझ्याकडे बघून मान हलवली, जा म्हणून. मी वेग कमी केलाच होता, पण मागे टेम्पो चिकटून येत होता, म्हणून थांबणार नव्हते.’’

ती जिंकण्यासाठी बोलत नव्हती. बेकरीवाल्याशी तो ज्या सुरात बोलायचा त्याच सुरात बोलत होती, समजावून, घाई न करता – आणि ते ऐकताना त्याला क्षणभर खिडकीकडे बघावं लागलं. हात, मान, आरसा. मला फक्त कुत्रं दिसलं. हिला सगळी गल्ली दिसली. कधी शिकली ही? मी तर शेजारीच बसलो होतो.

‘‘टेम्पो मलापण दिसला,’’ भोंगा मागून म्हणाला, आधी जाड आणि मग पातळ आवाजात. ‘‘मी डोकं धरून बसलो होतो.’’

‘‘चुकलो,’’ तो म्हणाला.

‘‘ठीक आहे. पुन्हा करू,’’ मुंगी म्हणाली. हेही वाक्य त्याचंच. तिच्या ते लक्षात आलं आणि ती हसली.

‘‘बाबा, मांडी घाल,’’ भोंगा म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘सीटवर. जेवायला बसल्यासारखी. पाय ब्रेकपर्यंत पोचणारच नाही.’’

थट्टा असावी म्हणून त्याने मागे पाहिलं, पण पोरगं गंभीर होतं. मागे एकदा शाळेच्या स्टेजवर हा भाषण करत असताना तिसऱ्या रांगेत बापाचे ओठ हलत होते, आणि ते बघून हा मध्येच अडकला होता. पुढच्या वर्षी म्हणाला, बाबा, तू शेवटच्या रांगेत बस, तिथपर्यंत ऐकू येतं का ते मला हवंय. बापाला वाटलं होतं, खरंच आवाजासाठी म्हणतोय... किती जपून दूर बसवलं होतं त्याने आपल्याला.

‘‘नको हं,’’ मुंगी पटकन म्हणाली. ‘‘खरंच काही झालं तर?’’

म्हणजे तिलाही भीती वाटत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

‘‘तुझ्या पायाशी एक आहे ना?’’

तिने हळूच मान हलवली.

त्याने बूट काढले. सीटचा पट्टा सैल करून, कण्हत, एक पाय वर घेतला, मग दुसरा.

‘‘गुडघा आवर, गिअर टाकायचाय मला,’’ मुंगी म्हणाली. मागे भोंगा खुदखुदत होता.

गाडी निघाली. मांडीखाली दबलेला पाय जागा होता; प्रत्येक कोपऱ्याला सीटमध्ये रुतत होता, आणि दिवा विझलेलाच राहत होता. काय करावं ते न सुचून तो बाजूच्या खिडकीतून पाहू लागला. इतकी वर्षं या रस्त्यावरून गेलो, पण समोरच बघत. या घरांना गच्च्या आहेत. एका गच्चीत कुणीतरी कपडे काढत होतं. भिंतीवरून एक वेल पार तारेपर्यंत चढली होती... कधी चढली असेल?

पुढे टेकडीचं वळण आलं – जिथे वळेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. मुंगीने आरशात पाहिलं, वेग उतरवला, गिअर बदलला. तिची पाठ ताठ झाली. मागून पाठीत टोचणारे गुडघेही स्तब्ध झाले. श्वास धरून तिघं त्या न दिसणाऱ्या बाजूकडे निघाले, आणि तेव्हा त्याला कळलं, की आपलं तोंड किंचित उघडलं आहे, घास भरवताना उघडायचं तसंच.

त्याने ते मिटलं नाही. चमचा आता तिच्याच हातात होता.