लादिपो न्हाव्यांचा अर्धा मेंदू

गुरुवारी सकाळी सहाच्या सुमारास नायजेरियातल्या इबादान शहराच्या मोकोला भागात लादिपो न्हावी वारले. कंपवातानं हातातला वस्तरा सुटला, त्याला बरीच वर्षं झाली होती. आपला मेंदू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला द्यायचा, असं ते थोरल्या मुलीला, मोरेनिकेला, बजावून गेले होते.

पण घराण्याचे प्रमुख त्यांचे मोठे भाऊ, ओलायिवोला. त्यांच्या होकाराशिवाय काही होणार नव्हतं, आणि प्रयोगशाळेला मेंदू त्याच दिवशी हवा होता. प्रेत शवागारात पोचल्यावर मोरेनिके काकांपुढे गुडघे टेकून बसली.

"जन्मभर लोकांची डोकी भादरली त्यानं," काका म्हणाले, "आता त्याचंच डोकं मागतेस?"

"डोकं नाही काका, आतला मेंदू."

"म्हणजे करवंटी ठेवून खोबरं नेणार!"

मागे कुणीतरी फिसकलं. काकांनी नुसतं वळून पाहिलं.

मोरेनिके सांगत राहिली. "मेंदूतल्या पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. जुनी चरबी तोडणारा रस बाबांच्या पेशींत जन्मापासून कमी होता, रक्ततपासणीत कळलं ते. चरबी साचली की आवरण बिघडतं, त्याला एक प्रथिन चिकटून गोळे होतात आणि कंपवात जडतो, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. खरं काय ते मेंदूतच दिसेल."

"दिसलं म्हणजे तो उठून बसणार?"

"नाही. पण तोच दोष माझ्यातही आहे."

काका कोलाची कडू बी सुपारीसारखी चघळत होते, ते थांबले. "पोरी, जन्माला येण्याआधी माणूस आपलं डोकं, म्हणजे आपलं नशीबच, स्वतः निवडतो. ते रिकामं घेऊन परत कसा जाईल?"

"त्यांना अर्धा पुरतो, काका. अर्धा जागेवरच राहील."

"अर्धा," काका म्हणाले. "आणि टाके टोपीखाली झाकले पाहिजेत."

ती फोन लावायला उठली, तसे ते ओरडले, "थांब! मी सकाळीच शवागारवाल्याला औषध भरायला सांगितलंय."

परदेशातली मुलं येईपर्यंत दफन थांबतं, म्हणून प्रेत पोचताच फॉर्मेलिन टोचायची इथली रीत. त्यानं प्रेत टिकतं, पण त्या आवरणातली चरबी बदलते.

"कशाला सांगितलंत हो काका?"

"अगं, तो नीट दिसावा म्हणून!"

शवागारवाला फोनवर शांत होता. "मांडीतून सुरू केलंय मॅडम. फार नाही गेलं."

"बंद करा. आत्ता!"

दुपारी प्रयोगशाळेच्या डॉक्टर टेमिलोलूंनी मेंदूचा डावा भाग काढून गोठवला. फॉर्मेलिन तिथवर पोचलं होतं का, हे नुसतं पाहून कळत नव्हतं. दफन पुढच्या महिन्यात झालं.

पहिल्या चाचणीत वरच्या थरांतली चरबी शाबूत निघाली. मात्र हाताची थरथर जिथून सुरू होते, त्या खोल भागाच्या तुकड्यात औषध पोचलं होतं का, याबद्दल डॉक्टरांनी काही सांगायचं नाकारलं. त्याची चाचणी पुन्हा लावली आहे. कालपर्यंत निकाल आलेला नव्हता.