आईचे गुडघे

मुलगी बघायला तिच्या घरी जायचं नाही, वनउद्यानात भेटायचं, ही अक्कल माझीच. गोवा राज्य होऊन वर्ष झालं होतं, मला वास्कोच्या बंदरात कारकुनाची नोकरी लागली होती, आणि पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून येणारी मुलगी बघणं मला मागासलेपणाचं वाटायला लागलं होतं. शहराबाहेरच्या टेकडीवर वनखात्याने नुकतंच उद्यान उघडलेलं. आईला पेडण्याहून बोलावून घेतलं आणि तिकडे नेलं.

अश्विनी आणि तिचे वडील यशवंतराव फाटकापाशी थांबले होते. नमस्कार झाले, मी तिकिटं काढली आणि वळून बघतो तर आई वहाणा काढून उभी.

"राय मरे ही," ती म्हणाली. "व्हाणो घालून भितर कशी जाऊ?"

आमच्या गावात देवाच्या राईत कोणी पायांत घालून शिरत नाही. मीही कधी शिरलो नव्हतो.

"आई, ही सरकारी बाग आहे. घाल त्या आधी. लोक हसतील!" मी दबक्या आवाजात, पण अगदी पुस्तकी मराठीत खेकसलो. घरी मी तिला आये म्हणतो.

तिने वहाणा घातल्या, पण आत पाऊल टाकेना. "तुमी जावन येया. हांव हंयच बसतां."

यशवंतरावांनी काय झालं विचारताच मी ठोकून दिलं, "गुडघे दुखतात तिचे. चढ जमत नाही." आईने ऐकलं आणि मुकाट्याने मान हलवली.

आत झाडांना पाट्या लावल्या होत्या. मी त्या अश्विनीला वाचून दाखवत सुटलो, जणू झाडं मीच लावली होती. यशवंतराव मुद्दाम मागे रेंगाळत होते. किंदळाच्या पाटीपाशी ती थांबली.

"फाटकात मी तुमच्या मागेच होते," ती म्हणाली. "आमचं मूळ घर डिचोलीतलं. आमच्याकडेही राईत अनवाणीच जातात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला ते अख्खं रान मला पुरलं नसतं.

"बाबांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

बाहेर आलो तेव्हा आई पायरीवर बसली होती. यशवंतरावांनी काळजीने विचारलं, "बरं वाटतंय ना गुडघ्यांना?"

मी तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली. "आतां बरे आसत. पोराक म्हजी खूब काळजी."

आता तिला खोटं कसं पाडू, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

बसथांब्यापर्यंत उतार होता. गावची डोंगरवाट झपझप चढणारी माझी आई यशवंतरावांसमोर लंगडत निघाली. त्यांनी हात पुढे केला, तोही तिने धरला. मागून आम्ही दोघं चालत होतो. बस येईपर्यंत अश्विनी माझ्या बोलण्याची वाट बघत राहिली.