फिनिश कट राहिला

कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांपैकी दरवर्षी एकालाच अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सायंकाळच्या पदवी वर्गात जागा मिळे. परीक्षा उमेदवारीच्या अखेरच्या वर्षीच देता येई, तीही एकदाच. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका मुलीचे हे अखेरचे वर्ष होते. तिची तयारी करून घेण्याचे काम सरांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तांत्रिक विद्यालयात टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, वर्ग चालवला होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकही पदवीपर्यंत पोचला नव्हता. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत.

रविवारी सकाळी ती त्यांच्या घरी येई. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दोघे बसत. भूमितीत ती झपाझप पुढे जाई, आकडेमोड आली की मात्र अडे.

"सर, आकृती मला दिसते हो. आकडे दिसत नाहीत."

"आकडे दिसायचे नसतात, करायचे असतात. कर."

"अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या," आतून सरांच्या पत्नी म्हणत. "परीक्षा तिची आहे, तुमची नव्हे."

"माझीच आहे," सर म्हणत, आणि दोघी हसत.

कारखान्यात फोरमनने तिचे नाव इंजिनीअरबाई ठेवले होते. "काय इंजिनीअरबाई, उद्या माझ्या जागी सही तुम्हीच करणार म्हणे?"

"तुमची सही मला वाचताच येत नाही, काका. करू कशी?"

परीक्षेच्या दिवशी सर महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहिले. ती सर्वांच्या मागून बाहेर आली. "वेळ पुरला नाही," एवढेच म्हणाली. कच्चे कागद सोबत नेण्याची मुभा होती. घरी आल्यावर सरांनी ते मागून घेतले आणि पेन्सिल हातात धरून एकेक गणित तपासले. मांडणी बरोबर होती. सूत्रे बरोबर होती, त्यांत किमतीही योग्य जागी घातलेल्या होत्या. पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या बरोबरच्या चिन्हापुढे काहीच लिहिलेले नव्हते.

"हे पुढे का नेलं नाहीस?"

"शेवटी एकदम करणार होते." ती म्हणाली. "लेथवर करतो तसंच, सगळे नग आधी रफ काढून ठेवायचे, मग टूलला धार लावून एका दमात सगळ्यांवर फिनिश कट. आकडेमोडीत माझं डोकं लवकर बसत नाही ना, म्हटलं एकदा बसलं की सगळीच उरकू. थोडी झाली आणि घंटा वाजली."

आधी सगळे नग ओबडधोबड कातून नेमक्या मापाचा, गुळगुळीत कट अखेरीस घेण्याची ही रीत लेथवर बिनचूक आहे. प्रत्येक नगासाठी टूल बदलत बसणाऱ्याचे काम कधी पुरे होत नाही, हे कोणताही टर्नर सांगेल. परीक्षेत मात्र उत्तरपत्रिकेत उत्तरासाठी आखलेल्या चौकटीतला आकडा तेवढा तपासला जाणार होता, आणि रिकाम्या चौकटीला गुण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर ते कागद घेऊन महाविद्यालयाच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले. बाईंनी ते सावकाश पाहिले. "मांडणी फार स्वच्छ आहे हो. पण तिचे कच्चे कागद पाहिले तर बाकीच्यांचेही पाहायला हवेत. तुम्हीच सांगा, सर."

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवले. त्या खुर्चीत ते स्वतः असते तर त्यांनीही हेच सांगितले असते.

जागा विजेचे काम शिकणाऱ्या एका मुलाला मिळाली. तिने त्याच्या कामाच्या जागेपर्यंत जाऊन त्याचे अभिनंदन केले. उमेदवारी संपताच कारखान्याने तिला कायम केले. "माझ्या जिवाचा घोर मिटला," आई शेजारणींना सांगू लागली. फोरमन तिला आता ताई म्हणू लागला. त्यात त्याचा आदर होता, पण तिला थट्टा बरी वाटली असती.

त्यानंतरच्या रविवारी ती सरांकडे आली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले होते.

"दिवसाच्या पदवी वर्गाच्या परीक्षेला कारखान्याबाहेरूनही बसता येतं," सर म्हणाले. "मी चौकशी केली आहे."

"नोकरी सोडावी लागेल, सर. घरात माझ्याशिवाय कमावतं कोण आहे?"

"बरं, मग नुसतं शिकू. कलन अर्धं राहिलंय आपलं."

"कशासाठी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. कामावर नवा नग हातात आला की ती जशी विचारे, तसेच तिने विचारले होते. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. 

तिने पिशवीतून त्यांची पुस्तके काढून टेबलावर ठेवली. "पुढच्या वर्षी कुणी तयारी करत असेल, त्याला द्या. आणि एकेक गणित पुरं करूनच पुढे जा म्हणावं."

"सांगेन."

आतून चहा आला. तो तिने उभ्यानेच घेतला. कायम झालेल्यांना रविवारीही कामाची पाळी लागे, आणि तिची त्या दिवसापासून सुरू होत होती.