कपापुरता जावई

देव्हाऱ्यात देव होते, पण त्या आठवड्यात ते कुणाला दिसत नव्हते. भरतशेठने त्यांच्यापुढे कप आणून ठेवला होता. छातीएवढा उंच, खाली तीन मजले, वर पंख पसरलेला गरुड, आणि सगळा मिळून प्लॅस्टिकचा. स्नेहाच्या आईला सकाळी दिवा लावायचा तर आधी तो दोन्ही हातांनी सरकवावा लागे, आणि भरतशेठ आतून खेकसे, "हलू गो, पंख मोडल त्याचा!" बायकोचा हात मोडला असता तर तो एवढ्या तातडीने ओरडला नसता, असं स्नेहाला वाटे. स्नेहा त्याची एकुलती मुलगी, पनवेलच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. हा कप घरात यावा म्हणून बापाने तिच्या बोटात अंगठी घालायला लावली होती.

त्याचं असं झालं. पनवेलजवळच्या कोन गावाच्या आसपास दर उन्हाळ्यात, भाताची शेतं मोकळी झाली की गावागावांच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. मांडव, लाऊडस्पीकर, यूट्यूबवर लाइव्ह, आणि माइकवर घसा फाटेस्तोवर ओरडणारा एक समालोचक. या स्पर्धेचा नियम एकच होता: गावाकडून गावचाच पोरगा खेळणार, पैसे देऊन आणलेला बाहेरचा खेळाडू चालणार नाही. नियम चांगला होता, म्हणून टिकला नाही. कमिटीचे अध्यक्ष काशिरामशेठ यांचा जावई बरी बॉलिंग टाकायचा, तेव्हा कमिटीने बसून चहा पिऊन ठरवलं की जावई म्हणजे गावचाच. पुढे त्यांच्या धाकट्या मुलीचा नुसता साखरपुडा झाला होता आणि होणारा जावई विकेटकीपर होता. मग ठरलेला जावईसुद्धा गावचाच, असंही ठरलं. काशिरामशेठना तिसरी मुलगी नव्हती, नाहीतर नियम आणखी किती मोठ्या मनाचा झाला असता कुणास ठाऊक.

भरतशेठच्या संघाचं नाव गावदेवी. देवीचं नाव लावून हा संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात मार खाऊन घरी यायचा. भरतशेठला खेळणारा मुलगा नव्हता, जावई नव्हता, हौस मात्र दांडगी. त्याने उरणच्या प्रितमला गाठलं. प्रितम म्हणजे पैसे घेऊन आज या गावाकडून, उद्या त्या गावाकडून खेळणारा हिटर. चेंडू थेट मांडवावर टाकायचा.

"फक्त कपापुरता गो," भरतशेठने स्नेहाला समजावलं. "साखरपुडा करू, फोटो काढू, कप आणू. मंग मोडून टाकू. मोडाला काय लागतं?"

"आणि लोकं काय बोलतील, पप्पा?"

"लोकं कप बगतील."

स्नेहा नाही म्हणाली. मग आई रडली, काका समजावून गेले, आणि भरतशेठने अन्नपाणी सोडलं. म्हणजे घरातलं सोडलं. नाक्यावरची मिसळ चालू होती. शेवटी तिने मान हलवली. हिरवी साडी, ओटी, पेढे, अंगठी, पाया पडणं, सगळं रीतसर झालं. प्रितमचे वडील काळूराम तर तिच्या डोक्यावर हात ठेवताना गहिवरले. त्या साध्या माणसाला हे नाटक आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा स्नेहाला स्वतःची किळस आली.

खरं तर भरतशेठने ही लबाडी उभी करायला घरातली नेमकी चुकीची व्यक्ती निवडली होती. स्नेहा कॉलेजच्या बेसबॉल संघात होती. भरतशेठ त्याला 'दांडू टाकून पलाचा खेल' म्हणायचा. मागच्या वर्षी जन्मात एकदाच तो तिचा सामना बघायला गेला. शेवटची धावणारी मुलगी घसरत आली, स्नेहाने चेंडू धरलेला हात तिला टेकवायला फिरवला, पंचांनी बाद दिलं, पनवेल जिंकलं, पोरी नाचायला लागल्या. आणि स्नेहा पंचांकडे जाऊन म्हणाली, "सर, चेंडू टेकलाच नाही तिला." सामना हातचा गेला.  घरी आल्यावर दारात चप्पल काढताना भरतशेठ म्हणाला, "पंचाला दिसला नाय, तं तुला सांगाची काय गरज व्हती?" एवढं डोळ्यांनी बघूनही या माणसाने तिच्याच भरवशावर खोटा साखरपुडा केला. अक्कल गहाण टाकायलाही काही प्रमाण असतं.

फायनलच्या दिवशी होणारी बायको म्हणून कॅमेऱ्यासमोर प्रितमला पाणी द्यायचं काम तिच्याकडे होतं. ती बाटली घेऊन मांडवामागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथे अविनाश, गावात जिम चालवणारा, प्रितमच्या दंडात सुई टोचत होता. आणि बाहेरून कुणी येऊ नये म्हणून भरतशेठ दार धरून उभा होता. मुलीला बघून तो दचकलासुद्धा नाही.

"पप्पा, हे काय चाललंय?"

"ताकदीचं हाय. लांबून मागवलंय मीच."

"खेळात हे चालत नाही. आम्हाला शिबिरात सांगितलंय, हृदयावर येतं माणसाच्या."

"ही काय ऑलिंपिक हाय? हितं कोन तपासतंय?"

प्रितम बाही खाली करत हसला. त्याचे डोळे लाल झाले होते.  "सगळेच घेतात गं. मी नाही घेतली तर पुढच्या वेळी मला बोलावणार कोण?" हे मात्र तो खरं बोलला, आणि स्नेहाला क्षणभर त्याची कीव आली. बापाची आली नाही.

मग प्रितमने षटकार मारले. प्रत्येक षटकाराला समालोचक कोकलायचा, "गावदेवीचा जावई! काय जावई हाय!" आणि कॅमेरा वळायचा स्नेहाकडे. समोरच्या संघात ट्रक चालवणारी, जेएनपीटी बंदराच्या बाजूला कामाला जाणारी, सगळी गावचीच पोरं होती. त्यांच्या एका काटक पोराने सगळा मार खाल्ल्यावरही शेवटचा चेंडू बरोबर पायात टाकला, आणि हरल्यावर येऊन प्रितमशी हात मिळवला. त्या हाताकडे कॅमेरा गेला नाही. भरतशेठ कप डोक्यावर घेऊन मैदानभर नाचत होता, तिकडे सगळे बघत होते.

आठवडाभराने, रविवारी सकाळी, दारात गाडी थांबली. काळूराम उतरले, प्रितम उतरला, मागून दोन काका, आणि मध्यस्थ म्हणून खुद्द काशिरामशेठ आपल्या जीपमधून. पाणी झालं, चहा झाला. काळूराम म्हणाले, "भरतशेठ, आता तारीख काढू. सगल्या उरणाने यूट्यूबवर बगितलाय जावई. आता उशीर बरा नाय दिसत."

भरतशेठने बशी खाली ठेवली. त्याने प्रितमकडे पाहिलं. प्रितमने वर पंख्याकडे पाहिलं. गडी घरी एक अक्षर बोलला नव्हता; एकुलती मुलगी, सासऱ्याची जमीन, हे त्याला मनातून पटलेलं दिसत होतं.

आता दोनच वाटा होत्या. साखरपुडा खोटा होता म्हणावं, तर समोर काशिरामशेठ बसलेले, कप जागच्या जागी जाणार. खरा होता म्हणावं, तर मुलगी जाणार. स्नेहा दारात उभी होती. आई पदर तोंडाशी धरून तिच्या मागे. स्नेहाने बापाचे डोळे बघितले. ते आधी तिच्यावर आले, मग देव्हाऱ्याकडे गेले आणि तिथेच राहिले.

"काढू तारीख," भरतशेठ म्हणाला. "पोरगा काय वाईट नाय."

एवढंच ऐकायचं राहिलं होतं. स्नेहाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो नुसता संताप. तिने अंगठी काढली, काळूरामांसमोर वाकली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"काका, माफ करा मला. तुमची काही चूक नाही. हा साखरपुडा कपापुरता होता. हे पप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुमच्या मुलालाही."

काळूराम मुलाकडे बघत राहिले. प्रितमची मान खाली गेली.

"आणि फायनलला याला सुई टोचलेली होती," ती काशिरामशेठकडे वळली. "पप्पांनी आणलेली. मी समोर उभी होते."

"पोरी, आता झाला-गेला," काशिरामशेठ घाईने म्हणाले. "घरातली गोष्ट घरातच ठेवाची. कमिटीची पन बदनामी व्हते."

"मग मीच यूट्यूबवर सांगते. तुमच्या जावयांपासून सुरुवात करते."

काशिरामशेठ उठले. त्यांना तत्त्वं सापडायला एवढंच पुरलं. "तसं असेल तं कप परत करावा लागेल, भरतशेठ. नियम म्हंजे नियम."

स्नेहाने देव्हाऱ्यापुढचा कप उचलला. दिसायला भला मोठा, पण वजन कळशीएवढंही नव्हतं. अंगणात जाऊन तिने तो जीपच्या मागच्या सीटवर आडवा टाकला. काशिरामशेठ लगबगीने चढले, आणखी काही बाहेर यायच्या आत त्यांना तिथून निघायचं होतं. काळूराम पायरी उतरले. जाताना त्यांनी स्नेहाच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला. प्रितमकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

भरतशेठ तेवढ्यात भानावर आला. तो धडपडत उठला, टीपॉयला अडखळला, चपलाही न घालता दाराकडे धावला. स्नेहाला वाटलं, आता थांबेल. निदान हात तरी उगारेल. तो तिच्या शेजारून तसाच पुढे गेला.

जीप वळणापर्यंत पोचली होती. तापलेल्या डांबरावरून तो अनवाणी तिच्यामागे पळत होता आणि ओरडत होता, "काशिरामशेठ, हलू! हलू चालवा! पंख मोडल त्याचा!"