पैडम्माच्या एका थेंबासाठी

मी एक चिप बोलतेय. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. माझ्या पोटात ट्रान्झिस्टर आहे, म्हणजे विजेची चिमुकली वाट. त्या वाटेवर कार्बनचा अगदी तलम पापुद्रा अंथरलाय आणि त्यावर आहेत माझे हात. त्यांना एकच काम येतं. मूत्रपिंड दुखावलं की लघवीत एक रेणू उतरतो, तो ओळखायचा आणि धरून ठेवायचा. तो हाती लागला की वाटेवरची वीज बिचकते. तेवढंच माझं बोलणं.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत सुगुणाने मला घडवलं. तोंडाला मास्क, श्वाससुद्धा जपून. "नीट ओळख हं, तल्ली," असं ती मला लाडाने म्हणायची. तल्ली म्हणजे तिच्या तेलुगूत माउली. ती आंध्रच्या किनाऱ्यावरच्या श्रीकाकुलमकडची, नारळीच्या आणि काजूच्या बागांमधली. तिच्या गावात माणसांची मूत्रपिंडं गुपचूप निकामी होतात. नेहमीच्या तपासणीत दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तिचे वडील, तिचे नान्ना, असेच गेले. मी जन्माला आले ती त्यामुळेच.

एके दिवशी आम्हा चिप-बहिणींना थंड पेटीत घालून सुगुणा गावी निघाली. दारात तिची थोरली बहीण पैडम्मा उभी होती. काजू सोलून सोलून तिची बोटं काळी पडली होती.

"केवढी वाळलीस गं! त्या हैदराबादेत भात मिळत नाही का?"

ओसरीवर शेजारपाजारची माणसं जमली. कुणी लाजत, कुणी हसत आपापली बाटली आणून दिली. माझ्या बहिणी एकेक करून कामी आल्या. पैडम्मा मात्र चुलीपाशीच.

"अक्का, आता तू."

"मला काय धाड भरलीय?"

"मग द्यायला काय जातंय?"

पैडम्माने पळी खाली ठेवली. "नान्नांना कळलं होतं ना? कळून काय झालं? त्या दिवसापासून माणूस धड जेवला नाही. आजाराने मागाहून नेलं गं, आधी त्या कळण्यानेच नेलं."

"त्यांना उशिरा कळलं, अक्का. लवकर कळलं असतं तर..." सुगुणाने डोळे पुसले. "इतकी वर्षं मी तिकडे कशासाठी राहिले मग?"

पैडम्माने हात पुसले. "पुरे. आण ती बाटली. लहानपणापासून रडूनच सगळं मिळवतेस."

तिचा थेंब माझ्यावर पडला. ज्या रेणूसाठी मला घडवलं, तो येऊ नये असं मला त्या घडीला वाटलं. पण तो आला. थोडासाच, तरी आला. माझे हात खोटं बोलू शकत नाहीत.

सुगुणाने हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा पाहिला. मला काढलं, दुसरी बहीण लावली. तिनेही तेच सांगितलं. सुगुणा मला उजेडात धरून कुठे ओरखडा दिसतो का ते शोधू लागली. मला राग आला नाही. माझ्यात खोट निघाली असती तर मीही सुखावले असते.

"तोंड का पाडलंस? सांग की," पैडम्मा म्हणाली.

"आहे, अक्का. अगदी सुरुवात आहे. दवाखान्यात पक्कं करून घेऊ."

पैडम्मा उठली आणि तांदळाच्या डब्यामागून अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं काढून बहिणीपुढे ठेवली.

"हे बंद करायचं ना? नान्नांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. मला काही नाही, म्हणून मी आपली रोज घेत होते."

"आजपासून बंद."

"मग माझे खांदे कोण चोळणार? तुझी ती चिप?"

सुगुणा रडता रडता हसली आणि तिच्या मागे बसून खांदे चोळू लागली.

दवाखान्यानेही तेच सांगितलं, पण वेळ हातात आहे असंही सांगितलं. पैडम्मा आता पथ्य पाळते. दुखणं वाढलेलं नाही. इकडे हैदराबादेत सुगुणाच्या फोनवर तिचा आवाज ऐकू येतो. शेजारणींना ती दटावत असते, "दे की गं एक थेंब! सोनं मागतेय का ती?"

आमच्यातली प्रत्येक जण एकदाच कामी येते. वापर झाला की आम्हाला टाकून देतात. सुगुणाला मात्र मला टाकवलं नाही. तिने मला धुऊन मेजाच्या खणात ठेवलंय. माझे हात आता सुकलेत, पुन्हा काही धरणार नाहीत. त्याचं मला दुःख नाही. माझ्या धाकट्या बहिणी गावोगाव निघाल्यात. त्या तुमच्या दारी आल्या तर त्यांना परतवू नका. त्यांनी वाईट बातमी सांगितलीच, तरी काही करता येण्याजोगा वेळ असतानाच सांगतील.